राखून ठेवलेला आवाज

आमचे हे लग्नाच्या बँडमध्ये गायचे. बँड म्हणजे तेव्हाचा बरं का, आताचा ट्रकवर चढवलेला डीजे नव्हे. पुढं दोन क्लॅरिओनेट, मागं ट्रंपेट, दोन ढोल, एक ताशा आणि मधोमध सायकलच्या चाकांची हातगाडी. गाडीवर बॅटरी आणि दोन कर्णे. त्या गाडीच्या बाजूनं हातात माईक धरून, वायर सांभाळत हे चालायचे. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. यांच्या कोटाची डावी बाही एका वरातीत फटाक्यानं जळली होती. मी तिला ठिगळ लावलं, पण जालन्याच्या सगळ्या कापड दुकानांतून फिरून तसला लाल रंग काही मिळाला नाही. मंग हे डावा हात कायम पाठीमागं ठेवून गायला लागले. लोकांना वाटायचं, केवढी ऐट.

लगीनसराईचे महिने बँडचे, बाकीचे मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या पोत्यांचे. पोती उचलून खांदे बसले होते, पण छाती अशी भरलेली की एका दमात अख्खा मुखडा निघायचा. परतूरला लग्न असलं की रेल्वेनं जायचे, ढोल डब्याच्या दाराशी रचून. भोकरदनला टेम्पो. अंबडकडं तर कितीदा बैलगाडीतून गेले असतील. तीसेक वर्षं हे असंच चाललं.

आता मला लिहिता कसं येतं ते सांगते, कारण त्याचा याच्याशी संबंध आहे. मी चौथीपर्यंत शिकले आणि हे शाळेत गेलेच नाहीत. नवीन गाणं आलं की ते बँडला वाजवावं लागायचं, नाहीतर नवरदेवाचे दोस्त मागं लागायचे. मंग मी रेडिओपाशी वही घेऊन बसायचे. गाणं धावत पुढं जायचं आणि माझी पेन्सिल मागं राहायची. सुटलेल्या ओळींना जागा रिकामी ठेवायची आणि ते गाणं परत लागायची वाट बघायची. कधी कधी एक ओळ भरायला आठवडा जायचा. वही भरली की मी वाचायचे, हे ऐकायचे, तीनदा ऐकलं की पाठ. अशा एकवीस-बावीस वह्या झाल्या. भाषा मला कोणी शिकवली नाही, ती मी चुलीपुढं बसून दुसऱ्यांच्या गाण्यांतून उचलली. त्यामुळं माझं लिहिणं हे असं बोलल्यासारखं आहे, समजून घ्या.

हे बायकांच्या आवाजात पण गायचे. दोघांचं गाणं असलं की एक ओळ बाप्याची, एक बाईची, दोन्ही हेच. भोकरदनला एका लग्नात नवरीची आजी गाडीच्या चारी बाजूंनी फिरली, गाणारी पोरगी कुठं लपलीय ते बघायला. शेवटी यांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, “अरे मेल्या, तूच होय.” हे सगळ्यांना हसून सांगायचे. मला वाटतं त्यांना मिळालेली सगळ्यांत मोठी पावती तीच होती.

बँडचे उस्ताद म्हातारे होते. क्लॅरिओनेट वाजवायचे, जुन्या जालन्यातले. त्यांचा एक नियम फार कडक होता. सकाळी वाद्यं जुळवताना, तालमीला, रस्त्यानं जाताना गाणाऱ्यानं आवाज काढायचा नाही. नुसते ओठ हलवायचे, चाल मनात म्हणायची. कोणी जोर लावला की उस्ताद क्लॅरिओनेट तोंडातून काढून म्हणायचे, “अब्बी नक्को. नौशा घोडे पे बैठने दे.” नौशा म्हणजे नवरदेव. तो घोड्यावर बसला की मंग गळा सोडायचा, तोपर्यंत राखून ठेवायचा. एका दिवशी दोन-दोन वराती असायच्या, राखला नाही तर दुसरीला काय गाणार? बराबरच होतं ते. उस्ताद गेले, तरी यांच्या अंगात तो नियम मुरून राहिला. पाहुण्यांनी घरी कितीही आग्रह केला तरी हे गायचे नाहीत. मी म्हणायचे, अहो, एवढे लोक म्हणून राह्यले तर म्हणा की दोन ओळी. हे म्हणायचे, उद्या परतूर आहे.

मग डीजे आले. बँड एकदम बंद पडला नाही, हळूहळू आटला. शेवटची वरात मला त्यांनीच सांगितली. परण्या म्हणजे नवरदेवाला मारुतीच्या पारावर नेतात ती मिरवणूक. तेवढ्यापुरता बँड सांगितला होता आणि मांडवासाठी डीजे. हे गात मांडवाशी आले आणि तिकडं त्यांनी मशीन सुरू केली. यांचा अंतरा चालू होता. तो यांनी पूर्ण म्हटला. कोणालाच ऐकू गेलं नाही, बाजूच्या ढोलवाल्याला सुद्धा नाही. संपवून माईक गाडीवर ठेवला आणि चहा प्यायला गेले.

त्यानंतर दोन वर्षांनी एक पिक्चरवाले आले. त्यांना जुन्या बँडची वरात दाखवायची होती. सहा जणांना शोधून काढलं, कोट धुतले, उभं केलं. तिथल्या माणसाला यांचा चेहरा आवडला. गाल बसलेले, डोळे मोठे, कपाळावर आडव्या रेघा. तो म्हणाला, काका, तुम्हाला बोलवत जाऊ. आणि खरंच बोलवायला लागले. साठी जवळ आलेली असताना आमचे हे नट झाले.

नट म्हणजे काय, तर गर्दीत उभं राहायचं. पंचायतीत मागं बसायचं. सरपंचानं काही म्हटलं की मान हलवायची. आणि मरायचं. मरायला यांना फार बोलवायचे. एवढा वेळ श्वास धरून कोणी पडायचं नाही ना. तिथं एक रीत असते. मेलेल्याचा सीन झाला की त्या नटानं उठून कॅमेऱ्यात बघून हसायचं, आणि ते हसणं चित्रात घ्यायचं. म्हणजे अशुभ टळतं. ही हसण्याची रीत यांना भारी आवडायची. एका मालिकेत तर यांचा नुसता फोटो होता, भिंतीवर, हार घातलेला. रोज संध्याकाळी घरोघर दिसायचा. मोंढ्यातला एक जुना ओळखीचा हमाल आमच्या दारात आला, टोपी काढून उभा राहिला, आणि हे आतून चहा घेऊन बाहेर आले. त्या माणसानं चहा न पिता यांना चार शिव्या हासडल्या, मग दोघं हसत बसले.

बोलायचं काम एकदाच मिळालं, एका पिक्चरमध्ये, एकच वाक्य. यांनी ते घरी दोनशेदा म्हटलं असेल. पिक्चर लागला तेव्हा आम्ही संभाजीनगरला जाऊन बघितला. यांचं तोंड उघडलं आणि आवाज आला भलत्याच कोणाचा. पातळ, नाकातला. नंतर कळलं की शूटिंगच्या वेळचा आवाज घेत नाहीत. नंतर खोलीत बसून परत बोलतात, त्याला डबिंग म्हणतात. तेवढ्या एका वाक्यासाठी जालन्याहून कोण बोलवतो? तिथल्याच कोणी उरकलं. येताना बसमध्ये हे तिकिटाची घडी घालत आणि उलगडत बसले. जालना आल्यावर उतरताना म्हणाले, “आयुष्यभर गळ्यावर जगलो गं. आन तेवढाच काढून घेतला.”

एवढं सगळं सांगितलं, कारण पुढं यांनी जे केलं ते कळायला हवं.

दोन वर्षं झाली, अंबडकडचा एक डायरेक्टर घरी आला. तिशीतला, स्वतःचा पहिलाच पिक्चर करणारा. त्याच्या लहानपणी त्याच्या मामाच्या लग्नात यांचा बँड होता म्हणे. त्यानं यांना मोठं काम दिलं. एक म्हातारा रोज बस थांब्यावर येतो आणि प्रत्येक कंडक्टरला विचारतो, माझा मुलगा आला का. मुलगा येणार नसतो. सगळी मिळून वीस-बावीस वाक्यं. यांनी एकच अट घातली. डबिंग माझंच. डायरेक्टर म्हणाला, काका, तुमच्याशिवाय करणारच नाही. हातावर हात मारला.

मी कागद वाचून दाखवायचे आणि हे पाठ करायचे, गाण्यासारखंच. पण एक वाक्य होतं, त्यावर यांनी फार विचार केला. कंडक्टर मान हलवतो आणि म्हातारा म्हणतो, “ह्या गाडीला न्हाई का? बरं. मंग दुसरीला येईल.” मी वाचताना रडका सूर लावला. हे म्हणाले, न्हाई, तो रडत न्हाई. कंडक्टरला वाईट वाटून राह्यलं, म्हणून हा त्यालाच धीर देतो. आणि तसं म्हणून दाखवलं. हळू, ‘बरं’च्या नंतर थोडं थांबून, जणू समोरच्याची पाठ थोपटतायत. माझ्या अंगावर काटा आला. पूर्ण आवाजात ते वाक्य मी तेवढं एकदाच ऐकलं.

शूटिंग वडीगोद्रीला, हायवेच्या कडेला झालं. मी सोबत गेले होते, एका टपरीच्या सावलीत बसून बघत होते. डायरेक्टर म्हणाला, काका, जरा मोठ्यानं. हे म्हणाले, साहेब, खरा आवाज डबिंगला देतो, आत्ता नुसता अंदाज घ्या. आणि अख्खे नऊ दिवस ओठ हलवून, घशातल्या घशात बोलले. तिथं ट्रकांचा एवढा आवाज होता की डायरेक्टरलाही वाटलं, ठीकच आहे, नाहीतरी नंतर परत करायचंय. माझ्याही मनात तेच आलं. उस्तादांचा नियम. नवरदेव अजून घोड्यावर बसायचाय.

शूटिंग संपून महिना-दीड महिना झाला असेल, यांचा आवाज बसला. मी काढे दिले. ज्येष्ठमध, खडीसाखर, हळद. फरक पडेना. जालन्याच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं आणि संभाजीनगरला पाठवलं. तिथं तुकडा काढून तपासायला दिला. पुढच्या खेपेला तिथल्या डॉक्टरीण बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. कॅन्सर आहे, पण सुरुवात आहे. लगेच शेक द्यायला घेतला तर बरं होईल, आवाजही बहुतेक राहील. शेक म्हणजे मशीनचे किरण. सहा-सात आठवडे रोज.

यांनी एकच विचारलं. शेक चालू असताना आवाज कसा राहील?

बाई खरं बोलल्या. म्हणाल्या, तेव्हा खराब होईल, काही महिने घोगरा राहील, मग सुधारेल.

डबिंग पुढच्या महिन्यात होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर हे बसले आणि म्हणाले, “तेवढं डबिंग होऊ दे. मंग लगेच येऊ.”

आणि मी हो म्हणाले. ही गोष्ट मी आजवर कोणाला नीट सांगितलेली नाही. मला कोणी जबरदस्ती केली नव्हती. मी अडाणी पण नव्हते, बाईंनी सांगितलेलं मला बराबर समजलं होतं. पण मी यांना त्या बसमध्ये बघितलं होतं. मला वाटलं, एका महिन्यानं काय होणार आहे? आम्ही दोघांनी ठरवलं की लेकीला सांगायचं नाही. लेक परतूरला नोकरीला, तिला कळलं असतं तर ती त्याच दिवशी बापाला उचलून घेऊन गेली असती. डायरेक्टरलाही सांगायचं नाही, त्याला कळलं तर तो दुसऱ्याचा आवाज घेईल.

मग यांनी बोलणं बंद केलं. उरलेला आवाज वाचवायचा म्हणून. सकाळी मी कागद वाचायचे आणि हे समोर बसून ओठ हलवायचे. चहा पाहिजे तर पेल्याकडं बोट. बाहेर जायचं तर चपलेकडं. लेकीचा फोन आला की मी सांगायचे, बाबांनी मौन धरलंय, व्रत आहे. ती म्हणायची, बाबा आणि व्रत? हसायची. शेजारणींना खरंच वाटलं. एक जण तर नमस्कार करून गेली.

महिन्यानं डायरेक्टरचा फोन आला, काका, चित्र जोडणारा माणूस दुसऱ्या कामात अडकलाय, पंधरा दिवस थांबा. मग आणखी पंधरा. मग दिवाळीनंतर. त्याची चूक नव्हती, त्याला काही माहीतच नव्हतं. प्रत्येक फोनच्या वेळी माझ्या ओठांवर यायचं. मी यांच्याकडं बघायचे, हे मान हलवायचे, न्हाई.

मला त्या महिन्यांचा राग येतो. यांचा नाही येत म्हणा, म्हणजे येतो पण. घरात एक माणूस होता, त्याच्या गळ्यात आवाज होता, आणि आम्ही दोघं मुक्यासारखे राहिलो. तोच आवाज यांनी माझ्यावर खर्च केला असता तर? भाजी अळणी झाली एवढं जरी म्हणाले असते. लेकीशी दोन शब्द बोलले असते. शूटिंगला राखला, घरी राखला. मी तो पुरचुंडीत बांधून ठेवलेल्या दागिन्यासारखा जपत होते, आणि आतून तो दिवसेंदिवस किडत होता.

दिवाळीच्या आधी चार दिवस, सकाळी, हे नळापाशी तोंड धूत होते. मला शिटीसारखा आवाज आला. मी म्हटलं कुकर. बघितलं तर हे भिंतीला धरून उभे, मान वर, आणि श्वास घेताना गळ्यातून तो आवाज. शेजाऱ्यांनी जीप काढली, संभाजीनगरला निघालो. बदनापूर मागं गेलं तेव्हा यांनी माझं मनगट धरलं. तोंड उघडलं. एवढ्या महिन्यांनी. फाटका, हवेचा आवाज, पण शब्द कळत होते.

“फोन लाव त्याला. सांग, मी येऊन राह्यलो म्हणून.”

मी लावला. डायरेक्टरनं उचलला नाही. त्याच्याही घरी दिवाळीची गडबड असेल. हे माझ्याकडं बघत होते, म्हणून मी नुसताच फोन कानाला धरून म्हणाले, हो, हो, येऊन राह्यलेत ते. माझ्याशी ते जे शेवटचं बोलले, ते हे. आणि मी त्यावर खोटं बोलले.

त्याच दिवशी गळ्याला खालून भोक पाडून श्वासाची नळी बसवली. आठ दिवसांनी मोठं ऑपरेशन. स्वरयंत्र सगळं काढावं लागलं. त्याच डॉक्टरीण बाई होत्या. त्या मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. कागद चाळत तारखा बघितल्या, आणि नुसतं म्हणाल्या, आजी, तुम्ही तेव्हा आल्या नाहीत. लेक शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं.

“आई, तुला माहीत होतं?”

मी हो म्हणाले. त्यानंतर दवाखान्यात ती बावीस दिवस बापाची सगळी सेवा करत होती, मला वेळेवर डबा द्यायची, औषधाच्या चिठ्ठ्या द्यायची, पण माझ्याशी एक अक्षर जास्तीचं बोलली नाही.

ऑपरेशननंतर नर्सनं यांच्या हातात पाटी दिली. इथं सगळ्यांना देतो आजोबा, काय पाहिजे ते लिहा. यांनी पेन्सिल धरली आणि माझ्याकडं बघितलं. नर्सला वाटलं हात थरथरतोय. ती म्हणाली, घाई नाही, हळूहळू लिहा. तेव्हा मला धरणी फाटली तर बरं असं झालं. चाळीस वर्षं मी या माणसाला वाचून दाखवलं आणि एक अक्षर गिरवून घेतलं नाही. का नाही घेतलं? खरं सांगते, मला ते बरं वाटायचं. हे सगळ्या जगासमोर गायचे, पण गाणं माझ्या वहीतून यायचं. ती एवढी जागा मला सोडायची नव्हती. मी पाटी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि नर्सला म्हणाले, त्यांना चहा पाहिजे.

डायरेक्टरला कळलं तेव्हा तो घरी आला. ओट्यावर बसला. म्हणाला, शूटिंगच्या वेळचा आवाज काढून बघितला, काका फार हळू बोललेत, ट्रकांखाली सगळं गेलंय. चार ठिकाणी दाखवून आणलं, निघत नाही. यांनी गळ्याचं फडकं सारखं केलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग माझ्याकडं बघून बोटानं दाखवलं, जायचंय. डबिंगला. मी म्हटलं, अहो, तुम्ही तिथं काय करणार? परत तेच बोट.

संभाजीनगरला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ती खोली. भिंतींना जाड कापड, समोर पडदा. पुण्याहून एक माणूस आला होता, चाळिशीचा, आवाजाचंच काम करणारा. आल्या आल्या यांच्या पाया पडला. भला माणूस. पडद्यावर यांचा चेहरा आला, केवढा मोठा, तोंड हलतंय आणि आवाज काहीच नाही. मी खाली मान घातली. हे बघत राहिले.

त्या माणसानं ते वाक्य म्हटलं. स्वच्छ, गोड, आणि रडकं. यांनी मान हलवली. दुसऱ्यांदा म्हटलं, परत नाही. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “काकू, काका कसं म्हणायचे, तुम्ही सांगता का?”

मी उठले. एवढ्या सगळ्यांसमोर. पदर सारखा केला. आणि म्हटलं. ह्या गाडीला न्हाई का. बरं. मग थांबले. मंग दुसरीला येईल. मी सांगितलं, रडायचं नाही हो, त्या कंडक्टरची पाठ थोपटायचीय. पुन्हा म्हणून दाखवलं. पाच-सहा वेळा. त्यानं मान डोलवत ऐकलं आणि शब्द बराबर धरले, पण आवाज वरचा वरच राहत होता, छातीत उतरत नव्हता.

तेव्हा हे उठले. त्या माणसाच्या जवळ गेले आणि आपला तळवा त्याच्या पोटावर, बेंबीच्या वर ठेवला. दाबला. दुसऱ्या हातानं इशारा केला, इथून. तो गोंधळला, मग त्याला कळलं. त्यानं श्वास घेतला, यांचा हात वर आला. यांनी हात तसाच ठेवला आणि पडद्याकडं बघत राहिले. पडद्यावरचं तोंड उघडलं तसा यांनी हात दाबला आणि तो बोलला. काचेच्या पलीकडं आवाज भरून घेणाऱ्या माणसानं अंगठा वर केला. अशी सगळी वाक्यं झाली, एकेक करत, दुपारपर्यंत. एकाच्याही वेळी यांनी हात काढला नाही. शेवटी त्या पुण्याच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. यांच्या नव्हतं. हे खुर्चीवर बसले आणि फडक्यानं भोकाभोवतीचा घाम पुसला.

पिक्चर जालन्यात एका सभागृहात दाखवला. गावातले, मोंढ्यातले, जुने बँडवाले सगळे आले होते. लेक आली, माझ्या शेजारी बसली, मधेच तिनं माझा हात धरला, पण बघत समोरच होती. संपल्यावर लोकांनी यांना घेरलं. गळ्याला मफलर होता, थंडीचे दिवस, कोणाला काही दिसत नव्हतं. काका, काय आवाज लागलाय. काका, शेवटी गळा तो गळाच. हे हात जोडत होते. एकेकाला, नीट, मान लववून. मला वाटलं, आता सांगावं, हा यांचा आवाज नाही म्हणून. पण यांचा चेहरा बघितला आणि गप्प बसले. हे तो मान खोटेपणानं घेत नव्हते. का घेत होते, ते मला विचारता येतं, त्यांना सांगता येत नाही.

फक्त जुना ढोलवाला जवळ आला, यांच्याकडं बघितलं, मफलराकडं बघितलं. यांचं मनगट धरून उभा राहिला, मग गर्दीतून निघून गेला.

त्यानंतर लेकीनं यांचा आवाज शोधायला घेतला. कुठंतरी असेलच की, एवढ्या लग्नांत गायले. ती भोकरदन, अंबड, परतूर, जिथं जिथं ओळख निघाली तिथं गेली, लोकांच्या घरच्या जुन्या लग्नाच्या कॅसेटी काढून घेतल्या, एका दुकानातून सीडी करून आणल्या. आम्ही बसून बघितल्या. वरात दिसते, लाल कोट दिसतो, पाठीमागं धरलेला डावा हात दिसतो, तोंड हलतं. आणि आवाज येतो पिक्चरमधल्या गाण्याचा. व्हिडिओवाल्यांनी लग्नाचा सगळा गोंगाट काढून टाकून वरून नामी गाणी लावलेली असायची, तशी पद्धतच होती. अकरा कॅसेटी बघितल्या, अकरांत तेच. आमच्याकडं फोन साधा, बटणांचा, त्यात काही राहत नाही. लेक शेवटची सीडी काढून म्हणाली, “बस झालं, आई.” तेव्हापासून ती माझ्याशी पहिल्यासारखी बोलते, किंवा जवळजवळ पहिल्यासारखी.

मी आता यांना अक्षरं शिकवते. ग म भ न पर्यंत आलोय. सत्तरीत हात वळत नाही, चिडतात, पेन्सिल फेकतात, मग उचलून आणतात. दुपारी हे झोपले की मी यांचा आवाज आठवायला बसते. त्या दिवशी घरात ते वाक्य पूर्ण आवाजात म्हटलं होतं ना, तेच. डोळे मिटते. पहिल्या महिन्यात यायचा. आता बरं आणि मंगच्या मधली ती थांबायची जागा येते, तेवढी बराबर येते, आणि पुढं बोलतो तो पुण्याचा माणूस. त्याच्या बोलण्यात सूर ऐकू येतो तो मी शिकवलेला. यांचं त्यात काय उरलंय ते मला सांगता येत नाही. भोकरदनच्या आजीला चकवलेलं ते बाईच्या आवाजातलं गाणं आठवायला जाते तर तिथंही तोच माणूस गायला लागतो.

हे मी यांना सांगितलेलं नाही.